अपडेटला हात जोडले तेव्हा

त्या नव्या अपडेटला मी आधी शिव्या घातल्या, आता हात जोडते. आमच्या लढाईच्या गेममध्ये पूर्वी पळता पळता औषध घेता यायचं, आता एका जागी गुपचूप बसावं लागतं. मी आणि कारंजाला सासरी असलेली माझी नणंद पल्लवी आपापल्या फोनवर तशाच भिंतीआड बसलो, तर माझ्या बाळाचं रडणं तिच्या स्पीकरवर ऐकू गेलं.

“काहून रडून राह्यलं ते?” तिच्या सासूबाईंनी विचारलं.

“दूध पाजलं मावशी, तरी थांबतच नाई. मलेच जमत नाई बहुतेक.”

“अवं, ढेकर काढला काय त्याचा? खांद्यावर घे त्याले, पाठ थोपट.”

फोन ठेवून थोपटलं. दणदणीत ढेकर आला आणि बाळ झोपलं.

“वहिनी, आपण मेलो!” पल्लवी ओरडली.

“मरू दे,” मी कुजबुजले, “पण हळू बोल.”