साडेपाच कोटी वर्षांचा पेशंट

— अहो दादा, वय साडेपाच कोटीच! रकान्यात मावत नसेल तर नुसतं ‘प्रौढ’ लिहा. नाही हो, पेशंट मी नाही, या टॉवेलात आहे — आई गं! — तुमचं सीटी स्कॅनचं मशीन गुरगुरलं होय, मी दचकतेच कशालाही — तर हा जबडा, वरचा, दगड झालेला. बसमध्ये मांडीवर घेऊन आले, तर शेजारच्या बाई विचारतात, किती महिन्यांचं बाळ? आता काय सांगणार! मी ज्यांच्या हाताखाली संशोधन करते, ते सर म्हणतात डुक्कर. मी म्हणते हत्तीच्या खानदानातला. हसा, खुशाल हसा. एवढासा? तेव्हा एवढासाच असायचा, कुत्र्याएवढा, सोंडेचा पत्ता नाही — पण हे मोडलेलं जाड मूळ बघा. सर म्हणतात, डुकराचा सुळा. पण हत्तीचा तो बाहेर आलेला दात असतो ना, तो मुळात पुढचा, पटाशीचा, आणि सुळा असतो त्याच्या मागे! म्हणजे या जाड मुळामागे, दगडात, आणखी एक बारीक मूळ निघालं तर सुळा तो — आणि हे जाड म्हणजे हत्तीच्या दाताची सुरुवात. कळलं? निघालं तर हं. नाही निघालं तर डुक्कर.

सरांना? नाही, विचारलं नाही. ओरडत नाहीत हो ते, जेवणाच्या टेबलावर नुसता चमचा वाजत राहतो — त्यांच्या टेबलावर मी कशी? अहो — झालं, बोलून गेले! होणारे सासरे आहेत माझे. पुढच्या महिन्यात लग्न, आणि त्यांचा लेख डुक्कर म्हणून छापायला गेलाय. त्यांचा मुलगा म्हणतो, लग्नापर्यंत राहू दे ना डुक्कर, तुझं काय जातंय? मी ‘बरं’ म्हटलं. म्हटलं खरं — आणि जबडा उचलून तुमच्याकडे आले!

श्वास रोखायचा? त्याचा कधीच थांबलाय, मीच रोखते. … झालं? दाखवा. हे जाड मूळ. आणि हे, मागचं, बारीक — पडद्यावरचा डाग असेल, पुसा ना. पुसा हो नीट! … जात नाही? अय्या, जात नाही! दादा, हत्ती! — सॉरी, तुमचा हात सोडते. थांबा, फोन लावते. नाही, त्यांच्या मुलाला कशाला? तुम्ही जरा बाहेर जा, जा ना — हॅलो, सर? छापखान्याला फोन करा. आत्ताच्या आत्ता.