कप्तान घरी आला की नाही आला?

हसली म्हणे! अहो, म्हातारी हसली म्हणजे मालिका संपली, असं असतं का कुठं? सव्वीस रविवार, तुम्हाला सांगतो, मोजून सव्वीस रविवार अर्धं असोदा गाव अंघोळी उरकून आमच्या टीव्हीसमोर बसलं. मी सहावी नापास माणूस, पण धूमकेतू काय, ऑक्सिजनची टाकी काय, सगळं तोंडपाठ झालं! 'सातवां चांद' मालिकेचं नाव. आभाळात वाट चुकलेलं यान, त्यात तो देखणा कप्तान, आणि इकडे पृथ्वीवर खिडकीत बसलेली त्याची म्हातारी माय. शेवटच्या रविवारी यान आलं, माळावर उतरलं, धुरळाच धुरळा, माय काठी टेकत पुढे, यानाचं दार उघडलं, आतून पांढराफेक उजेड, माय हसली... आणि समाप्त! अरे, समाप्त काय? कप्तान कुठे आहे?

बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि आमची मंडळी, धुरपदाबाई, पदर खोचून उभी राहिली. म्हणे, "यान उतरलं. पन मानूस उतरला का?"

झालं! मी तिथेच कपाळ धरलं. तुम्ही म्हणाल, आबा, एवढं काय त्यात? एवढं तेवढं नाही हो! आषाढात चातुर्मास लागला तशी तिनं वांगी सोडली. आता वांगी सगळ्याच बाया सोडतात, चंपाषष्ठीला भरीत करतात, झाल्या मोकळ्या. पण आमच्या बाईनं त्याच आठवड्यात त्या मायचं रडं पाहिलं आणि टीव्हीलाच हात जोडले. "कप्तान सुखरूप घरी येईपर्यंत या घरात वांगं शिजनार नाही!" देवापुढे बोललेला नवस ऐकलाय तुम्ही, पण दूरदर्शनपुढे? आणि कोणत्या गावात? असोद्यात! जिथं थंडी पडली की शेताशेतातून कापसाच्या काड्यांचा जाळ होतो, हिरवी वांगी त्यात खरपूस भाजतात, लाकडी बडगीत मिरच्या घालून ठेचतात, वरून कांद्याची पात, संगती ज्वारी-उडदाच्या कळण्याची पुरी... जाऊ द्या, बोलताना तोंडाला पाणी सुटतं. चंपाषष्ठी आली, गेली. शेजारी धूर, समोर धूर, आणि आमच्या ताटात? दोडकं! कप्तान तिकडे उल्केला धडकतोय आणि मी इकडे दोडकं खातोय!

मग मी माणसं जमवली. म्हटलं, पंचांनीच ठरवावं. शाळेतले लीलाधर सर आले. चष्मा पुसत म्हणतात कसे, "आबा, फार सुंदर शेवट आहे हो. याला उघडा शेवट म्हणतात. पुढचा विचार प्रेक्षकानं करायचा असतो."

म्हटलं, "सर, विचारच करायचा तर माणूस टीव्ही कशाला लावतो?"

सर म्हणाले, "अहो, पण आई हसली ना? तेच उत्तर!"

त्यावर आतून आवाज, "हसली खरी. पन चष्मा कुठी होता तिचा? सव्वीस आठवडे चष्मा होता, शेवटी नाही! बिनचष्म्याची म्हातारी कोनालेबी पाहून हसते!"

आता बोला! सरांनी स्वतःचा चष्मा खिशात घातला.

मग केळीवाला रतिलाल. त्याला मी आधीच फितवून ठेवला होता, की बाबा, आला म्हण, तुला पहिलं वांगं. पण धंद्याची सवय! म्हणतो, "आबा, खोटं कसं बोलू? आपली केळी दिल्लीले जाते. वॅगन पोचली म्हनून माल पोचला, असं म्हनतो का आपन? दार उघडून पाहा लागते. तिकडून तार आली की मग पोचला."

धुरपदाबाई म्हणे, "पाहा! यान उतरलं, पन मानूस उतरला का?"

तार! माझ्या डोक्यात उजेड पडला. दुसऱ्याच दिवशी पोस्टकार्ड आणलं, डाव्या हातानं लिहिलं, "सौ. धुरपदाबाईंस कप्तानाचा नमस्कार. मी सुखरूप पोचलो. मायची तब्येत बरी आहे. आता भरीत करायला हरकत नाही." टाकलं डब्यात. पत्र आलं, बाईनं दोनदा वाचलं, उलटं केलं, शिक्का पाहिला. "कप्तान मुंबईचा, मंग पत्रावर शिक्का असोद्याचा कसा?" मी म्हटलं, "यान इथंच उतरलं असंल, आपल्या केळीच्या बागेत!" तिनं दोडक्याची फोडणी टाकली. तो चर्र आवाज अजून कानात आहे, खोटं नाही सांगत!

मी हरलो, तुम्हाला सांगतो. आयुष्यभर गावाला टोप्या घातल्या, पण या बाईपुढे आपली डाळ शिजत नाही. वांगी शेतात जून होऊ लागली, बिया धरू लागली. आठ-दहा दिवसांत हंगाम सरला असता!

आणि मग पुढचा रविवार. त्याच वेळेला नवी मालिका. कोर्टाची. मी आपला तोंड पाडून बसलेलो, आणि पडद्यावर काळा कोट घालून कोण आलं? तोच! तोच नट, तेच नाक, तोच भांग! धुरपदाबाई पाटावरून अशी उठली... "आला! आला वं माय! पाहा, अंगानं भरलाबी! वकिली करू राह्यला!" आणि डोळ्यांना पदर.

मी म्हटलं, "माणूस उतरला का?"

म्हणे, "उतरला हो! वांगी आना!"

काय सांगू त्या दिवसाचं! पाटीभर वांगी, शेतात जाळ, रतिलाल बडगी घेऊन, सर कांद्याची पात निवडताहेत, अर्धी आळी जेवायला. मी चार वेळा भरीत घेतलं, पाचव्यांदा बाईनं स्वतः वाढलं. आता मालिकेचा शेवट चांगला की वाईट, हे मला विचारलंत, तर मी सांगेन, एक आठवडा उशिरा झाला, पण फार चांगला झाला!

पण सुख किती दिवस टिकावं? आठच. पुढच्या रविवारी त्या वकिलावर खोटा आळ आला आणि त्याला तुरुंगात घातलं. गजाआडून त्यानं असं पाहिलं, आणि धुरपदाबाईचे हात जुळायला लागले. मी ओरडलो, "धुरपदे! वांगं सोडू नको!"

"वांगं नाही सोडत," ती शांतपणे म्हणाली. "मांगच्या टायमाले मी सोडलं, म्हनून पोराले उशीर लागला. यावेळी तुमी सोडा. तुमची तंबाखू."

मी लीलाधर सरांकडे पाहिलं. सरांनी पेपर उघडला, पाहिलं, आणि हळूच म्हणाले, "आबा, बावन्न भाग आहेत."

काढली डबी, ठेवली तिच्या हातावर. बघू... वकील हुशार दिसतो, जामीन तरी होईल.