निकालाचं रीळ

मुलांनो, असं समजा, साल बहात्तर आहे आणि म्हसवडच्या जत्रेत सिनेमाच्या तंबूबाहेर तुम्ही रांगेत उभे आहात. तुमच्या पुढे आठ वर्षांची कस्तुरी, तिच्या पुढे म्हाताऱ्या मनुबाई, आणि तिकिटाच्या खिडकीत रायगोंडा.

"मावशी, आज चौथ्यांदा?"

"व्हय. त्या शिपायाला आज सोडणार का सांग, मगच तिकीट फाड."

"कसा सोडंल? लढाईत गावावर गोळी चालवली त्यानं. कोर्टात फाशी हाय."

"परवा सुटला की."

"परवा रीळ तुटलं, मावशी."

"मग आज बी तोड."

"रोज तोडलं तर लोक तंबू फाडत्याल."

"जिचा ल्योक मेला, त्या बाईनं त्याला माफ करून भाकर वाढली. मग जज्जाच्याच पोटात का दुखतंय?"

"आवं, जज्ज म्हंजी नट हाय. कवाच घरी गेला त्यो."

"मग त्याला कार्ड टाक. माझा कृष्णात बी पल्टणीत हाय. लढाई सरून वरीस झालं, कागद न्हाई. ह्या पोराला फास बसला की मला झोप लागत न्हाई."

"मावशी, मागं मशिनीपाशी बसा. तिथं ऊब असती."

सिनेमा सुरू झाला. रांगेत सगळं ऐकलेली कस्तुरी मनुबाईंना चिकटूनच बसली. पडद्यावर जज्ज निकाल वाचायला उठले, तशी तीही उठली, मशीनजवळच्या पेटाऱ्यावर चढली, झोतासमोर फ्रॉकचा घेर पसरून उभी राहिली आणि जज्जाच्या आवाजावर आवाज चढवून मोठ्यानं बाराचा पाढा म्हणू लागली.