पहिली सही

समारंभाच्या अध्यक्ष मृणालिनीताई, सत्कारमूर्ती हेलन वोंग, व्यासपीठावरील मान्यवर आणि वेलिंग्टन-पोरिरुआहून आलेल्या माझ्या मराठी बंधुभगिनींनो, इथल्या माओरी रीतीने किया ओरा आणि आपल्या रीतीने नमस्कार.

मी जगदीश. शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून लिहून आणलंय. वाचताना अडखळलो तर सांभाळून घ्या. हेलनबाईंना सिद्धी शेजारी बसून इंग्रजीत सांगते आहे. सिद्धी, काही गाळू नकोस गं.

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या आमच्या लाँड्रीत आपल्या कितीतरी मुलांनी शिकताना काम केलं. मी तिथे सतरा वर्षं इस्त्रीच्या मशीनवर होतो. हेलनबाई युनियनच्या सेक्रेटरी. आज त्या निवृत्त होत आहेत.

अकरा वर्षांपूर्वी तिथे सहा नवे चिनी कामगार आले. हे कमी पगारात राबतील, आपल्याला घरी बसवतील, अशी आवई उठली. मला तर जेवण जाईना. त्यांना काढा, असा युनियनकडे अर्ज निघाला. नाव लिहू नका, नुसती सही करा, म्हणाले. पहिली सही मी केली.

दुसऱ्या दिवशी हेलनबाईंनी सगळ्यांपुढे सिगारची एक जुनी लाकडी पेटी ठेवली. त्यांचे पणजोबा अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोत सिगार वळायचे. तिथे पेट्यांवर पांढरी चिठ्ठी लागू लागली: हा माल गोऱ्या हातांचा आहे. मग चिनी हातांचा माल कोण घेणार? पणजोबांचं काम गेलं. ते इकडे न्यूझीलंडला आले, तर इथेही चिन्यांना बोटीतून उतरतानाच वेगळा कर भरावा लागायचा.

"ती चिठ्ठी युनियनने छापली होती," एवढंच बाई म्हणाल्या. अर्ज पेटीत ठेवला, झाकण लावलं. ती सहा माणसं राहिली. माझंही काम गेलं नाही.

पण बाईंना माझी सही कळली असेल का? पुढे माझा हात भाजला, तेव्हा मला हलकं काम द्या म्हणून मॅनेजरशी भांडल्या त्या याच. मला आणखीच धास्ती. चहाच्या वेळी मी नजर चुकवायचो.

आज दारातच सांगून टाकलं. "हेलन, ती पहिली सही माझी."

त्या म्हणाल्या, "जगदीश, अख्ख्या लाँड्रीत मराठीत सही करणारे तुम्ही एकटेच होतात."

"मग माझ्यासाठी भांडलात कशाला?"

"तुम्ही माझे मेंबर होतात. आत चला, चहा गार होतोय."

अकरा वर्षांनी आज मी तो चहा गोडीने प्यायलो.

ती पेटी बाईंनी आपल्या मंडळाला दिली आहे. अर्ज आत तसाच आहे. मुलांनी विचारलं तर पहिली सही कोणाची, हे खुशाल सांगा.

आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सहीचं बाईंनी कधीच घातलं होतं.