आरशाचा की बिनआरशाचा

सून : बाबा, तो उघडू नका. अजून घेतला नाहीये आपण.

सासरे : उघडतोय कुठे? खालचे स्क्रू किती आहेत ते बोटाने चाचपतोय.

दुकानदार : चाचपू द्या हो ताई. काका, तुमच्या हातात आहे तो डीएसएलआर. नवशिक्यासाठी उत्तम. आणि हा इकडे ठेवलाय तो मिररलेस.

सासरे : दोन्ही काळेच दिसतात. फरक काय?

दुकानदार : तुमच्या हातातल्याच्या पोटात एक आरसा आहे. समोरचा उजेड लेन्समधून आत येतो, आरशावर आपटून वर वळतो आणि तुमच्या डोळ्यात जातो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, फोटो निघतो, आरसा पुन्हा जागेवर.

सासरे : दाबू?

दुकानदार : दाबा की.

सासरे : वा. परत दाबतो हं. वा, वा. सूनबाई, ऐकलंस? तीन आवाज आहेत. आरसा उठला, पडदा सरकला, आरसा बसला. ज्याने हे जुळवलं त्याच्या हाताला चव आहे.

सून : बाबा चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करायचे. गेल्या वर्षी दुकान बंद केलं. तेव्हापासून आमच्या घरात न उघडलेली वस्तू राहिली नाही. मिक्सर झाला, इस्त्री झाली, दाराची बेल झाली.

सासरे : बेल बिघडली होती.

सून : वाजत होती बाबा.

सासरे : बोट ठेवल्यावर जरा विचार करून वाजायची.

सून : म्हणून यांचा मुलगा म्हणाला, बाबांना एखादा छंद लावून दे. स्क्रूड्रायव्हर लागणार नाही असा.

सासरे : बरं, त्या दुसऱ्याच्या पोटात काय आहे?

दुकानदार : त्यात आरसा नाही. उजेड सरळ आत पडतो आणि तुम्हाला एका छोट्या पडद्यावर चित्र दिसतं. फोटो उजळ येणार की काळपट, आधीच कळतं. हलका, आणि हवा तर आवाजही नाही.

सासरे : आत हलणारं काय काय?

दुकानदार : फारसं काही नाही.

सासरे : आणि जास्त किंमत कशाची?

दुकानदार : त्याचीच.

सासरे : म्हणजे आतला माल काढून घेतला आणि भाव वाढवला. हुशार आहेत.

सून : बाबा, हलका आहे ते बघा ना. फिरायला जाताना तो जड डबा तुम्ही दहा मिनिटं गळ्यात घालाल. मग माझ्या गळ्यात येईल.

सासरे : बायकांच्या गळ्यात काहीतरी असावं.

दुकानदार : खरं सांगू का? डीएसएलआरची बॅटरी भरपूर टिकते, जुन्या लेन्सही स्वस्तात मिळतात. पण कंपन्या आता नवीन काढतात ते बहुतेक मिररलेसच.

सासरे : म्हणजे आरशाचा धंदा बसला.

दुकानदार : बसत चाललाय.

सासरे : मग आरशाचाच द्या. बसलेल्या धंद्याशी माझं जमतं. आणि दादा, आत्ता पाचाचे ठोके पडले ते घड्याळ तिरकं टांगलंय तुम्ही.

दुकानदार : वडिलांच्या वेळचं आहे ते. पण तिरकं कशावरून? मला तर सरळ दिसतंय.

सासरे : दिसायचं काय त्यात? एक टिक लांब पडतेय, एक आखूड. लंगडतंय बिचारं. डावीकडून जरा वर उचला.

सून : ते राहू दे. आधी कॅमेऱ्यातून बघा तरी.

सासरे : बघतो. हं. दादा, काच पुसता का? आत धूर झालाय.

दुकानदार : द्या इकडे. आता?

सासरे : आहे अजून.

दुकानदार : लेन्सच बदलतो. ही कालच खोक्यातून काढलीय. आता बघा.

सासरे : हिच्यातही धूर. दादा, तुमच्या गोदामात ओल आहे.

दुकानदार : ओल नाही हो. ताई, तुम्ही बघा बरं.

सून : मला तर स्वच्छ दिसतंय सगळं.

सासरे : तरुण माणसाला काय, सगळंच स्वच्छ दिसतं. तो बिनआरशाचा आणा. हां, हा बरा आहे. ह्यात माणूस ओळखू येतो. चला, हाच बांधून द्या.

दुकानदार : ह्याच्या पडद्याचा उजेड मी पूर्ण वाढवून ठेवलाय, म्हणून. काका, एक करता? तो पहिला घ्या आणि डावा डोळा लावा.

सासरे : डावा कशाला? चाळीस वर्षं भिंग उजव्याला लावलं. डावा आपला नुसता सोबतीला असतो.

दुकानदार : सोबत्याला दाखवा एकदा.

सून : काय दिसतंय, बाबा?

सासरे : समोरच्या कपाटावर कोळी चाललाय.

सून : आणि धूर?

सासरे : गेला.

सून : कॅमेरा तोच, लेन्स तीच. बाबा, डावा डोळा हाताने झाका. भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले?

सासरे : पाच वाजून सहा मिनिटं.

दुकानदार : बरोबर आहे.

सून : ठोक्यांपासून मोजत होतात तुम्ही.

सासरे : मोजावं लागत नाही. कळतं.

सून : शेजारी कॅलेंडर आहे. त्यावर चित्र कशाचं?

सासरे : देखावा आहे कसलातरी.

दुकानदार : बाई आहे, काका.

सासरे : देखणी असेल तर देखावाच म्हणायचा.

सून : बाबा, किती दिवस झाले हे?

सासरे : दोनेक वर्षं. आधी वाटलं भिंग खराब झालं. तीन भिंगं बदलली. मग एका बाईंचं घड्याळ आलं, त्यांच्या आईचं. एवढंसं, नखाएवढं. आतली केसासारखी कमान बसवताना माझ्या हातून तुटली. तशी आता मिळत नाही.

सून : मग?

सासरे : मग सांगितलं, गंजली होती, आपोआप गेली. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. वर मला नमस्कार करून गेल्या. त्या संध्याकाळी कुलूप लावलं ते लावलंच.

सून : आम्हाला तर म्हणालात, घड्याळं घालतंय कोण आता.

सासरे : तुम्हाला सगळ्यांना लगेच पटलं. तूसुद्धा म्हणालीस, खरंय बाबा, हल्ली सगळे मोबाइलमध्येच बघतात.

सून : म्हणाले होते.

सासरे : जरा लागलं मला ते. वाटलं होतं, एकजण तरी भांडेल.

सून : मी आता भांडतेय. चला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. कोपऱ्यावरच पाटी बघितलीय मी.

दुकानदार : मोतीबिंदूच असणार काका. माझ्या सासूबाईंचा झाला, अर्ध्या तासाचं काम. दुसऱ्या दिवसापासून त्यांना माझे सगळे दोष दिसायला लागले.

सासरे : डोळ्याला हत्यार लावायचं नाही.

सून : तुम्ही जन्मभर हत्यारंच चालवलीत ना?

सासरे : म्हणूनच. नाजूक जागी हत्यार घसरलं की काय होतं, ते मी बघितलंय.

सून : डॉक्टरांचं नाही घसरणार.

सासरे : मलाही चाळीस वर्षं तसंच वाटत होतं.

सून : मग असं करू. तुम्ही आधी त्यांचे डोळे तपासा, मग ते तुमचे तपासतील. दादा, कॅमेरा आज राहू दे.

दुकानदार : राहू दे. आज विकायचाच असता तर डावा डोळा लावायला कशाला सांगितलं असतं?

(सहा आठवड्यांनंतर, त्याच दुकानात.)

सासरे : दुकानाला रंग दिलात वाटतं.

दुकानदार : नाही काका. नऊ वर्षं हाच आहे.

सासरे : मग धुतलंत.

दुकानदार : तेही नाही.

सून : घरीही हेच चाललंय. पट्टी काढल्यावर माझ्याकडे बघून पहिलं वाक्य काय, तर हा कुर्ता निळा आहे होय.

सासरे : मला तो मातकट वाटायचा. मनात म्हणायचो, पोरगी एवढी नोकरी करते आणि पोतेरं का घालते?

सून : एकदा बोलायचं तरी.

सासरे : सासऱ्याने सुनेच्या कपड्यांवर बोलू नये. तेवढी अक्कल आहे मला.

दुकानदार : आणि डॉक्टरांचे डोळे तपासलेत का?

सून : तपासले हो. पहिल्याच भेटीत विचारलं, तुम्हाला स्वतःला नीट दिसतं ना. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

सासरे : ते म्हणाले, तुमच्या हातातलं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे. टेबलाच्या पलीकडून. मग मी मुकाट्याने त्यांच्या यंत्रावर हनुवटी टेकवली.

दुकानदार : मग आता घड्याळांचं दुकान उघडणार?

सासरे : बघू. आधी त्या बाईंकडे जाऊन आलो. म्हटलं, कमान गंजली नव्हती, माझ्या हातून तुटली.

दुकानदार : काय म्हणाल्या?

सासरे : म्हणाल्या, माहीत होतं. तुकडा माझ्या चपलेपाशी पडला होता आणि तुम्ही टेबलावर शोधत होतात.

दुकानदार : आणि तरी नमस्कार?

सासरे : मीही तेच विचारलं. म्हणाल्या, तो आधीच्या चाळीस वर्षांना होता.

सून : मला हे सांगितलं नाहीत तुम्ही.

सासरे : आत्ता सांगितलं ना. दादा, ते दोन्ही कॅमेरे द्या इकडे. सोबत्याला आज सुट्टी, उजवा बघेल. हं. हा बिनआरशाचा छानच आहे. टेबलाखालचा अंधारसुद्धा उजळून दाखवतो. हा नको.

दुकानदार : छान आहे म्हणून नको?

सासरे : डॉक्टर म्हणतात, डाव्यातही मोती धरायला लागलाय. हा कॅमेरा माझी बाजू घेत बसेल. दुसरा तोंडावर सांगेल.

सून : आणि वजन?

सासरे : मी उचलीन.

सून : दहा मिनिटं.

सासरे : पंधरा.

दुकानदार : ठरलं तर मग. ताईंचा एक फोटो काढून बघा.

सून : माझा नको, ऑफिसमधून तशीच आलेय. थांबा, केस तरी सारखे करू दे.

सासरे : हलू नकोस. तुझ्या भुवईवर ती बारीक खूण कसली?

सून : लहानपणी जिन्यावरून पडले होते. चार टाके पडले.

सासरे : घरात येऊन सात वर्षं झाली ना तुला?

सून : आठ.

सासरे : त्यातली सहा तर माझे डोळे चांगले होते.

सून : बाबा, मान अवघडली. काढताय का?

सासरे : काढला.

दुकानदार : अरेरे, काका, माझंच चुकलं. आत कार्डच नाही घातलेलं. फोटो कुठे उमटलाच नसणार. थांबा, घालतो.

सून : एवढी ताठ उभी राहिले, फुकट गेलं सगळं.

सासरे : फुकट कशाने? मी नीट बघितलंय.