आधीच छापलेला निरोप

आजच्या सभेचे अध्यक्ष न्यायमूर्ती पेटिबोन, व्यासपीठावरचे रेव्हरंड ॲम्ब्लर, आपल्या गावच्या 'सेंटिनेल'चे आज निवृत्त होणारे संपादक आणि माझे गुरू एझ्रा व्हिटकोम साहेब, आणि एवढ्या बर्फातून इथवर आलेल्या बंधुभगिनींनो,

मी ओरिन डन्लॅप. उद्यापासून साहेबांच्या खुर्चीत मी बसणार. आज मात्र कुठं तोंड लपवू असं मला झालंय. कारण तुमच्या प्रत्येकाच्या हातात आजचा 'सेंटिनेल' आहे, आणि अजून न झालेल्या या समारंभाची साग्र हकिकत त्यात छापून आली आहे.

आमच्या धंद्यातली ही रीतच आहे. भाषण आगाऊ मिळवायचं, दुपारीच छपाईचे खिळे जुळवून ठेवायचे, मध्ये कंसात 'टाळ्या' घालायच्या. मी त्याच्याही पुढं गेलो. सभा संपल्यावर, तुम्ही जाताना, दारात वाटायचा अंक चुकून आधीच खुर्च्यांवर मांडला गेला, म्हणून पितळ उघडं पडलं. कालवांचा रस्सा सर्वांनी मिटक्या मारत खाल्ला, हे तुम्ही वाचलंच असेल. कालवांचं पिंप घेऊन येणारी गाडी अजून बर्फात अडकली आहे.

हसा, हसा. पुढचं हसण्यासारखं नाही.

साहेब लढाईवर बातमीदार होते, हे आपण जाणताच. नदीकाठच्या त्या मोठ्या लढाईत बाकीचे बातमीदार आगबोटीवर बसले, तिथल्या अधिकाऱ्यांचं ऐकलं आणि 'विजय' लिहून मोकळे झाले. साहेब चिखलातून रणभर हिंडले, जखमींना पाणी पाजलं, मग लिहायला बसले. जे डोळ्यांनी दिसलं नाही त्यापुढं ते लिहायचे, 'हे मी पाहिलेलं नाही.' बातमी सगळ्यांच्या मागून पोचली आणि ज्या सिनसिनाटीच्या वर्तमानपत्रासाठी ते लिहीत, त्याच्या मालकानं त्यांना घरचा रस्ता दाखवला. पण मागं बसलेल्या टॉलिव्हर बाईंना विचारा. मोठ्या वर्तमानपत्रांनी त्यांच्या मुलाची पलटण सुखरूप म्हणून छापली होती. तो कुठं पडला, कुठं पुरला, हे त्यांना साहेबांच्या बातमीतून कळलं. तेव्हापासून बाई 'सेंटिनेल'शिवाय दुसरं वर्तमानपत्र घरात घेत नाहीत.

अशा माणसाच्या निरोपाला मी काय छापावं? 'पहिल्या रांगेत बसलेल्या श्रीमती लुसिंडा व्हिटकोम यांना पतीचा गौरव ऐकून अश्रू आवरले नाहीत.' ती खुर्ची पाहा. रिकामी आहे. बाई दुपारपासून तापानं फणफणल्या आहेत. अंकाची पहिली प्रत नेहमीप्रमाणे साहेबांच्या घरी गेली, आणि त्यांनीच ती बाईंना वाचून दाखवली. मघाशी दारात बुटांवरचा बर्फ झटकत साहेब मला म्हणाले, "ओरिन, लुसिंडा विचारत होती, मी तिथं बरी दिसत होते ना?"

चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं. मी कसंबसं विचारलं, आता काय करू? ते म्हणाले, "बोल. आणि मग जे दिसेल ते लिही."

म्हणून ठरलेलं भाषण मी करत नाही, ते तुमच्याकडं आहेच. मला लाज वाटते, एवढंच माझं स्वतःचं आहे.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण थंडीत ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात अधिकउणं झालं असेल ते पोटात घाला. छापलं ते मात्र घालू नका. छापल्याप्रमाणे आता तुम्ही उभं राहून बराच वेळ टाळ्या वाजवायच्या आहेत. माझ्यासाठी एकही नको. साहेबांसाठी वाटलं तरच वाजवा. मी पेन्सिल काढून इथंच उभा आहे. या खेपेस पाहून लिहितो.