राजेंद्रनं पाय सोडले नाहीत

...आणि वर लोक म्हणतात, राजेंद्रनं पाय सोडून द्यायला पाहिजे होते. तुम्हाला सांगतो, असं म्हणणारे सगळे गॅलरीतले. अहो, भर रस्ता, सकाळचं ऊन, माणसाच्या दोन मुठीत कुत्र्याचे मागचे दोन पाय, कुत्र्याला पुढून तोंड, तोंडात दात, आणि हे कुत्रं आपलं नाहीच हे त्या माणसाला आत्ता कळलंय... कसे सोडणार पाय? आता ह्यात राजेंद्रचं काय चुकलं, सांगा तुम्ही.

थांबा, मुळापासून सांगतो.

राजेंद्र म्हणजे छावणीतला आमचा शेजारी. गुलमंडीतल्या कापडाच्या दुकानात उभ्यानं जन्म काढलेला गडी, आणि पांढऱ्या रंगात तर त्याचा हात धरणारा कुणी नाही. दुधी पांढरा, मोतिया पांढरा, नीळ दिलेला पांढरा... गिऱ्हाईक म्हणतं दोन्ही सारखंच की हो, हा म्हणतो, ताई, जमीन-अस्मानाचा फरक आहे. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

तर ह्याच्या घरी आल्या सासूबाई. लीलाबाई, फर्दापूरच्या. आवाज असा, की लेणी बघायला आलेली बस त्यांच्या दारासमोर हॉर्न न वाजवता जाते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आल्या, आणि सोबत त्यांचा नवाब. पांढरा पामेरियन कुत्रा, दृष्ट लागू नये म्हणून मागच्या डाव्या पायात काळा दोरा. आता सरिताचं, म्हणजे राजेंद्रच्या बायकोचं, एकच मागणं, की आईनं ह्या वयात तिकडं एकटं राहू नये, इथंच राहावं. लीलाबाई म्हणाल्या, "राहीन की. माझा नवाब हितं रुळला तर. पण त्याला वरखडा जरी आला ना, त्या दिवशी माझी पिशवी आन् मी यष्टीत."

सरितानं पट्टा नवऱ्याच्या हातात दिला. म्हणाली, "अहो, आईचं राहणं आता तुमच्या हातात आहे."

गड्यानं लई मनावर घेतलं. मोबाईलवर बघून बघून शिकला... फिरताना कुत्री अचानक भिडली तर मधे हात घालायचा नाही, ओरडायचं नाही, ज्यानं त्यानं आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय धरायचे, हातगाडीसारखे उचलायचे, आणि मागं मागं चालत जायचं. सोफ्याच्या लोडावर सराव केला. लोड घेऊन स्वयंपाकघरापर्यंत मागं चालत गेला, सरिताच्या हातून कुकर पडता पडता राहिला. माणूस एवढी तयारी करून जातो हो. मग ह्यात त्याचं काय चुकलं?

तर त्या सकाळी घराजवळच्याच वळणावर समोरून आले बद्रीनाथ सर. शाळेतले रिटायर पीटी मास्तर. पायाशी त्यांचा कॅप्टन, तोही पामेरियन, तोही पांढरा. पट्टा नाही. राजेंद्र म्हणाला, "सर, जरा धरता का?" तर सर म्हणतात, "छे छे, आमचा शिस्तीतला आहे, त्याला पट्टा म्हणजे अपमान." दोघांनी एकमेकांना हुंगलं, शेपट्या हलल्या, सर म्हणाले "बघा, किती सभ्य..." आणि त्यांचं तोंड मिटायच्या आत सभ्यता संपली. कशावरून? कशावरूनच नाही. माणसाला निदान नळ लागतो, कचरा लागतो, पार्किंग लागतं. ह्यांना काही लागलं नाही. नवाबचा पट्टा गळ्यातून निसटला, आणि दोघं लोळत लोळत गेले थेट पाइपलाइनसाठी उकरून ठेवलेल्या मुरमाच्या ढिगात. तुम्हाला सांगतो, धूळ अशी उडाली, की छावणीत तोफ उडाली म्हणून दोन बायांनी वाळत घातलेले कपडे आत घेतले.

राजेंद्रच्या डोळ्यांपुढं नुकतं ऑपरेशन झालेली सासू, पिशवी, यष्टी. पण शिकलेलं आठवलं. म्हणाला, "सर, मागचे पाय धरा. तुम्ही तुमच्याचे, मी माझ्याचे." सरांना हुकूम म्हटला की अंगात येतं. धरले. "उचला. मागं सरका." सरांनी लगेच ताल धरला, "डावा, उजवा, डावा, उजवा..." हा ह्या बाजूला, ते त्या बाजूला. झालीच की हो सुटी कुत्री. कुणाला वरखडा नाही. राजेंद्रला वाटलं, जिंकलो.

मग त्यानं सहज मुठीकडं बघितलं. डाव्या पायात दोरा नव्हता.

दोरा होता रस्त्यापलीकडं. सरांच्या मुठीत.

जन्मभर पांढऱ्यातले पांढरे ओळखले, आणि ऐन वेळी दोन्ही माल मुरमाच्या रंगाचे निघाले. आता ह्यात राजेंद्रचं काय... असो.

आता पंचाईत बघा. सोडलं तर पुन्हा भिडणार. अदलाबदल करायची तर जवळ जावं लागणार, आणि जवळ जायचं तर आधी पोचणार कुत्र्यांची तोंडं. सर तिकडून म्हणतात, "राजेंद्र, गोल फिरू, फिरता फिरता बदलू." फिरले. भर रस्त्यात दोन कर्ते पुरुष हातगाड्या धरून फेर धरतायत. रिक्षावाला थांबला, उतरून म्हणतो, "मामू, छोडना नक्को, एकदम नक्को." पलीकडच्या घरातल्या भामाबाईनं पाण्याची बादली मारली... कुत्री कोरडी, सर भिजले. सर फेर न सोडता म्हणाले, "बाई, नेम सुधारा." "तुमी जाग्यावर थांबा की मग," भामाबाई म्हणाली, आणि दुसरी भरायला गेली. मागं हॉर्न लागले ते म्हणे नगर नाक्यापर्यंत.

आणि त्या हॉर्नांनी राजेंद्रच्या घराचं दार उघडलं. आधी सरिता, तोंडावर पदर. मागून काळा चष्मा लावलेल्या लीलाबाई. राजेंद्रच्या मनात आलं, धूम ठोकावी, पण पाय... कुत्र्याचे हो... पाय त्यानं सोडले नाहीत.

लीलाबाई आल्या. चष्म्यातून ह्याला बघितलं, त्याला बघितलं. आणि फर्दापूरच्या आवाजात एकच शब्द काढला, "बस."

नवाब बसला. कॅप्टन बसला. मुठीतल्या पायांबरोबर राजेंद्र बसला. सर ओल्या अंगानं मांडी घालून, पाठ ताठ ठेवून बसले. आणि तुम्हाला खोटं वाटेल, रिक्षावालाही फुटपाथवर बसला.

लीलाबाईंनी नवाबच्या अंगावरून हात फिरवला. कान बघितले, मान बघितली. सरिता घाईनं म्हणाली, "आई, अगं, ह्यांनी मुद्दाम नाही..."

"नवाबला काय झालं नाय," लीलाबाई म्हणाल्या. "तिकडं रोज कुणाशी तरी भांडल्याबिगर त्याला भाकर जात नाय. भांडला म्हंजी रुळला." मग चष्मा वळला राजेंद्रकडं. तो अजून कॅप्टनचे पाय धरून बसलेला, डोक्यावर मुरूम. बाईंनी तो हातानं झटकला. "पर ह्यांला असं मोकळं टाकून मी कशी जाऊ गं? राहते मी."

राहिल्या. सरिता खूश आहे. रोज सकाळी लीलाबाई फिरायला निघतात, पुढं नवाब, मागं राजेंद्र, आणि त्या "चला" म्हणतात ते दोघांना मिळून. राजेंद्रच्या डाव्या पायात आता काळा दोरा आहे, सासूबाईंनी स्वतः बांधलेला. मी विचारलं, अरे, तुला कुणाची दृष्ट लागणार आहे?

तर म्हणतो, "दृष्टीचं नाय हो. उद्या कुणी मागून धरलं, तर आपल्या घरचा म्हणून ओळखू यावं."